तीन गाठींचं पिंप

“याले काय दारू म्हनावं? भाकर तव्यावर इसरली, करपली, आन् तिच्यावर कोनं तरी मिरे वाटून टाकले. पिंपबी आतून जाळलेलं. जाळाचंच होतं त चुलीत घालाचं.”

हे मी पुटपुटत होते. कोणाला ऐकवायला नव्हे. भरलेली वाटी दोन्ही हातांनी सांभाळत आणायची म्हटलं की माझं तोंड आपोआप चालतं. पण पडद्याआड, माझ्यापासून वीतभरावर, माझी मोठी जाऊ रुख्मिणी बसली होती. तिने वाटी घेतली, नाकाशी नेली, डोळे मिटले, जिभेवर एक थेंब ठेवला आणि पडद्यापलीकडे स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की करपल्या भाकरीचा वास आहे, मागून मिऱ्याचा तिखटपणा आहे, आणि पिंप आतून जाळलेलं असल्यामुळे असा लाल रंग आलाय. चांगली आहे. दोन गाठी.

पलीकडे बसलेल्या गयासुद्दीन व्यापाऱ्याला पिंप जाळल्याचं खोटं वाटलं. एवढं महागाचं लाकूड कोण जाळील? पण त्याने मुंबईला पत्र घातलं आणि सव्वा महिन्याने उत्तर आलं, की होय, अमेरिकेतले लोक पिंप आतून जाळून मगच त्यात दारू भरतात. त्या दिवसापासून अमरावती ते अकोला, जिथे जिथे कापसाच्या कंपनीचा साहेब खुर्ची टाकून बसला होता, तिथे तिथे रुख्मिणीच्या नाकाची गोष्ट पोचली.

गाठींची रीत आमच्या घरची, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. आम्ही कलाल. अमरावतीच्या परकोटाबाहेर आमची भट्टी, आणि मेळघाटातून येणाऱ्या मोहफुलांवर आमचं पोट. घागर भरली की तिच्या गळ्यात कच्च्या सुताचा दोरा बांधायचा. एक गाठ म्हणजे स्वस्तात द्या, पिणाऱ्याचं डोकं दुखेल पण मरणार नाही. दोन म्हणजे चांगली. तीन म्हणजे पाहुण्यासमोर काढायची. बिनगाठीचा दोरा म्हणजे ओतून द्या. लिहिता कोणाला येत नव्हतं, गाठ मात्र बोटाला अंधारातही वाचता येते. गयासुद्दीनने ही रीत अमेरिकेच्या पिंपांच्या बुचांना लावली, आणि साहेब लोक दारूचं नाव विचारायचं सोडून गाठी किती ते विचारू लागले.

गयासुद्दीन साहेबांना लागेल ते पुरवायचा. बिस्किटं, मेणबत्त्या, साबण, दारू. स्वतः पाच वेळचा नमाजी, थेंबालाही शिवत नसे. कोणी टोकलं तर म्हणायचा, जोडेवाला काय दहा जोडे घालून फिरतो? म्हणून तर त्याला दुसऱ्याचं नाक लागायचं.

आणि ही अमेरिकेची दारू आमच्या ओसरीवर आली कशी, तर कापसामागून. तिकडे अमेरिकेत आपसातलीच लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला असा भाव आला की ज्यांच्या घरी धड फडताळ नव्हतं त्यांच्या घरी भिंतीवर घड्याळ आलं. ते वाचायचं कसं हे विचारायला लोक गयासुद्दीनकडे जात. कापसामागून साहेब आले, साहेबांमागून त्यांची तहान आली. मुंबईला अमेरिकेहून बर्फाची जहाजं यायची म्हणे, लाकडाच्या भुशात बर्फ आणि बर्फाच्या कडेला सफरचंदं आणि पिंपं. दोन जातीची दारू. एक राय नावाच्या धान्याची. आम्हाला आधी ती मोहरीच वाटली, आणि पिणाऱ्यांची कीव आली. दुसरी बर्बन. ती मक्याची. मका आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. कणसं उकडलेल्या पाण्यात कोणी गूळ टाकला, असं मीच पुटपुटले होते.

म्हणजे ओळखलं रुख्मिणीने. म्हणजे मी.

हे नीट सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

मी मोर्शीकडची. बारा वर्षांची असताना या घरात धाकटी सून म्हणून आले, आणि चौदाव्या वर्षी नवरा गेला. मूल नाही, बाळ नाही. घरचे कर्ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, रुख्मिणीचे धनी. त्यांचं नाव आम्ही घेत नसू, पण ऐकणाऱ्याला कळायला हवं म्हणून सांगते, सूर्यभानजी. भासऱ्यासमोर धाकट्या भावाच्या बाईने बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही. ते ओसरीवर आले की मी भिंतीकडे वळायची. वीस वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ज्या बाईला बोलायचं नसतं ती पुटपुटायला शिकते.

नाक मला रुख्मिणीने दिलं. तेव्हा सगळ्या पेठेत तिच्यासारखं नाक नव्हतं. ती मला ओंजळभर मोहफुलं द्यायची आणि विचारायची, ही खडकावर वाळली का मातीवर? चुकले की टपली मारायची, आणि बरोबर आलं तरी मारायची, म्हणायची की लवकर सांगायचं. आंबवणाच्या रांजणाला कान लावून, वास घेऊन, भट्टी कधी लावायची हे मी तिच्या मांडीला मांडी लावून शिकले. विधवा म्हणून सगळे मला दोन हात लांब ठेवत. वास घ्यायला मात्र डोक्याला डोकं लावावं लागतं.

मग लढाई लागली त्या वर्षीचा ताप आला. रुख्मिणी वीस दिवस पडून होती. उठली, हिंडायला लागली, सगळं पहिल्यासारखं. एके सकाळी आम्ही रांजणापाशी उभ्या होतो. गडी भट्टी पेटवून वाट बघत होते. तिने रांजणावर तोंड नेलं, भरपूर वास घेतला आणि म्हणाली, अजून एक दिवस राहू द्या.

“एक दिवस कायचा,” मी पुटपुटले, “याचा शिरका होऊन दोन दिवस झाले.”

रुख्मिणीने रांजणावरून तोंड वर काढलं. मग गड्यांकडे वळून मोठ्याने म्हणाली की थट्टा केली रे, शिरका झाला आहे, उपसून टाका.

एवढंच. त्या दिवशी ती काही बोलली नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी वरण लागलं होतं; तिने तसंच वाढलं. मी पुटपुटले, तिने भांडं उचललं. असं करत करत आमची एक रीत बसली. मी पुटपुटायचं, तिने बोलायचं. तीन वर्षांत आम्ही दोघींनी त्याला नाव दिलं नाही. कधी माझा पुटपुटण्याचा आवाज फार खाली गेला तर ती वाटी हातात घेऊन थांबायची, आणि तिच्या थांबण्यात एवढी भीती असायची की मी ताबडतोब दोन शब्द जास्तीचे टाकायची. लोक तिला वाहवा म्हणायचे तेव्हा मला वाईट वाटत नसे. खरंच वाटत नसे. शब्द माझे असले तरी नाक तिनेच घडवलं होतं. आणि विधवेच्या नाकाची वाहवा करून कोण काय करणार होतं?

दिव्याच्या वातीत सरकी सापडावी तशी यात अकोल्याची गोष्ट आली.

गयासुद्दीनच्या ओळखीची एक कंपनी अकोल्याला मोठं गोदाम बांधत होती. रेल्वेही तिकडेच येणार म्हणे. तिथे साहेबांसाठी दुकान निघायचं, आणि दुकानाला रुख्मिणीच्या गाठी हव्या होत्या. घराणं अकोल्याला हलायचं, भट्टी इथे मुनीम बघेल. रुख्मिणी माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणाली होती, “अकोल्याले तुले येगळी खोली देऊ. खिडकीची. वारा यीन, वास यीन.” वीस वर्षं मी धान्याच्या पोत्यांच्या खोलीत झोपले होते, जिला खिडकी नव्हती. मी त्या खिडकीला रंग दिला, पडदा लावला, तिच्यातून बाहेर चिंचेचं झाड सुद्धा उभं केलं. सगळं मनातल्या मनात. खर्च काही नाही.

आषाढात एका दुपारी मी माजघराच्या दाराआड सुपात मोहफुलं निवडत बसले होते. आत भासरे जेवत होते, रुख्मिणी वाढत होती. ते सांगत होते की मोर्शीला पंजाबरावाला, म्हणजे माझ्या भावाला, निरोप धाडला आहे. अकोल्याचं घर लहान आहे. पोळा झाला की जयवंताला तिच्या भावाकडे पोचवून देऊ. तिचं इथलं काम संपलं.

मी सूप खाली ठेवलं नाही, की आवाज होईल. मी फक्त रुख्मिणीची वाट पाहिली. भावाच्या घरी सात मुलं आणि एक भावजय आहे, आणि मी तिथे गेले तर गोठ्याशेजारी निजायची आणि कोणी विचारलंच तर नणंद म्हणून ओळख करून द्यायची, हे रुख्मिणीला ठाऊक होतं. त्याहून मोठी एक गोष्ट तिलाच ठाऊक होती. माझ्याशिवाय तिला अकोल्याला एक गाठ मारता येणार नव्हती. म्हणून मला तशी काळजी वाटली नाही. माझ्यासाठी नाही तर स्वतःसाठी तरी ती बोलेल.

तिने भाकरीचा तुकडा ताटात टाकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “धाडून द्या. तिचं पुटपुटनं मलेबी आता सोसवत नाई.”

सुपातली फुलं मी निवडून पूर्ण केली. खडे किती निघाले ते आठवत नाही.

त्यानंतर मी बघायला लागले, आणि जे आधी दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. रुख्मिणी मागच्या अंगणात एकटी बसून कापसाचा बोळा दारूत भिजवून पेटवायची. दारू चोख असेल तर निळा जाळ होऊन शेवटी कापूसही जळतो; पाणी असेल तर बोळा ओला राहतो. हे प्रत्येक कलालाला येतं. ती बाटली हलवून फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते मोजायची. उन्हात धरून रंग बघायची. करपली भाकर, मिरं, उकडलं कणीस, जुना गूळ, नव्या रांजणाची माती, माझे सगळे शब्द ती ओठातल्या ओठात घोळवायची, पोथी पाठ करावी तशी. माझ्याविना जगायची तालीम चालली होती. मला तिचा राग यायला हवा होता, आणि यायचाही. पण ती उन्हात डोळे बारीक करून मणी मोजताना दिसली की वाटायचं, जाऊन सांगावं, अगं मणी असे नाही मोजत. एवढं एक मला अजून कळलेलं नाही, की ज्याने दगा दिला त्याचं काम नीट व्हावं असं माणसाला काहून वाटतं.

पोळ्याच्या चार दिवस आधी गयासुद्दीन दोन पिंपं घेऊन आला. अकोल्याच्या साहेबांनी धाडलेली. गाठी मारून आजच परत न्यायची, आणि साहेबांना त्या पटल्या की दुकान आपलं. ओसरीवर तो आणि भासरे बसले. मध्ये पडदा, पडद्याआड आम्ही दोघी एका घोंगडीवर. पोळ्यानंतर मी नसणार हे मला कळलंय, हे रुख्मिणीला कळलं होतं का, मला माहीत नाही. तिने मला बघून पदर नीट केला, परक्या बाईसमोर करावा तसा.

पहिल्या पिंपातून मी वाटी भरून आणली. रायची होती. चांगली होती, भाकर, मिरं, वर थोडा पुदिन्यासारखा गारवा. माझं तोंड उघडलं नाही. सूड म्हणून नाही. परक्या बाईशी काय पुटपुटायचं ते मला सुचेना.

वाटी हातात घेऊन रुख्मिणी थांबली. ते थांबणं मला ठाऊक होतं. तीन वर्षं मी ते भरून काढलं होतं. यावेळी मी घोंगडीच्या दशा बघत राहिले.

तिने वाटी उजेडात धरली. हलवली, मणी पाहिले. बोळा पेटवला. मग म्हणाली की राय आहे, करपली भाकर आहे, मिरं आहे, दोन गाठी. सगळं बरोबर. पुदिना राहिला, पण पुदिन्यावाचून कोणाचं अडलंय? गयासुद्दीन नेहमीसारखा खूश झाला. तिला येत होतं. मी मोर्शीला गेले तरी गाठी बसणार होत्या, साहेब पिणार होते, आणि तीन वर्षं मी जे केलं ते सुताच्या दोऱ्यासारखं तोडून टाकता येणार होतं.

मग भासऱ्यांनी दुसऱ्या पिंपाचं बूच काढलं.

वास ओसरीवरून उंबऱ्यावर आला, उंबऱ्यावरून आत. समुद्राकडून कधी कधी मासळीच्या तेलाची पिंपं गाडीवर येतात, मशालींसाठी. तोच वास. वाटेत कुठे तरी पिंप गळलं असणार आणि कोणी तरी शहाण्याने ही महागाची दारू तेलाच्या रिकाम्या पिंपात ओतली असणार. बाहेर भट्टीवरचं कुत्रं उठून उभं राहिलं. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं, गयासुद्दीनने रुमाल नाकाला लावला होता.

मी वाटी भरून आणली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि या वेळी तरी ते वासाचंच होतं. वाटी तिच्या हातात दिली. ती थांबली. मी गप्प.

दारू मात्र दिसायला देखणी होती. तांब्याच्या नव्या घंगाळासारखा रंग, मोत्यांसारखे मणी. बोळा पेटवला तर निळा जाळ असा उठला की कापूस राखेपर्यंत जळला. रुख्मिणीचा चेहरा उजळला. तिने वाटी नाकाशी नेली, नाकाशीच, त्या वासात, आणि शांतपणे भरपूर श्वास घेतला. जिभेवर थेंब ठेवला. तिचं तोंडही वाकडं झालं नाही.

“कनसाची हाय,” ती म्हणाली. “गूळ हाय जुना. नव्या रांजनाची माती हाय. अशी या ओसरीवर आजवर आली नाई, गयासभाई. तीन गाठी.”

गयासुद्दीनने रुमाल काढला नाही. नेहमीची वाहवा आली नाही. मी फटीतून भासऱ्यांकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते चमकतील, ओरडतील, हसतील. ते पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर आश्चर्य म्हणून नव्हतं. तेव्हा मला कळलं की त्यांनाही माहीत होतं. लागलेलं वरण ते सुद्धा तीन वर्षं खात होते. आणि गयासुद्दीन, ज्याच्यासमोर पडद्याआडून आधी एक पुटपुट आणि मग एक आवाज यायचा, तो काय बहिरा होता? माझं काम संपलं होतं म्हणून मला मोर्शीला धाडत नव्हते. माझं काम काय आहे हे ज्या तोंडाला माहीत होतं, ते तोंड अकोल्याला साहेबांसमोर उघडू नये म्हणून धाडत होते. आणि रुख्मिणीने ते माझ्याहून आधी ओळखून हो म्हटलं होतं.

गयासुद्दीन हे सामान आता गुपचूप अकोल्याला नेऊन म्हणेल की वाटेत बिघडलं. रुख्मिणीचं नाव राहील. भासरे मान खाली घालतील. मी बैलगाडीत बसेन.

रुख्मिणीने दोरा घेतला. गड्याने बूच आत आणून दिलं होतं. पहिली गाठ मारली. तिची बोटं सुंदर आहेत, आजही. दुसरी मारली. तिसऱ्या गाठीसाठी तिने दोरा बोटाला वेढला, आणि गयासुद्दीनने काहीही सांगितलं तरी साहेबांच्या मेजावर हे पिंप उघडल्यावर तिथले लोक कसे हसतील ते मला दिसलं. कलालाच्या घरात नाकाविना बाई म्हणून तिचं नाव गाण्यात घालतील. माझा हात तिच्या हातावर जाऊन पडला. मी त्याला सांगितलं नव्हतं.

“मासोळीचं तेल हाय, जाऊबाई,” मी पुटपुटले. “सगळ्या घरात पसरलं. थट्टा केली म्हना, आन् दोरा कोरा ठेवा.”

तिला एवढंच करायचं होतं. रांजणापाशी केलं होतं तसं. थट्टा केली, गयासभाई, परत धाडा याले. तिच्या ओठावर ते आलेलंही मला दिसलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. किती तरी महिन्यांनी नीट पाहिलं असेल. मग खाली मान घालून तिने दुसरी गाठ सोडवली. मग पहिली. सूत कच्चं होतं, गाठी कडक बसल्या होत्या, वेळ लागला. कोरा दोरा तिने माझ्या मांडीवर ठेवला, उठली आणि मधला पडदा हाताने बाजूला केला. माझ्या डोक्यावर पदर नव्हता आणि समोर भासरे होते. मी भिंतीकडे वळायला गेले तर तिने माझं मनगट धरलं.

“गयासभाई,” ती म्हणाली, “मले तीन वर्सांपासून कायचाच वास येत नाई. नाक हे या जयवंताचं हाय. तुमाले ठाऊक होतं, यायलेबी ठाऊक होतं, आन् मीच तिले मोर्शीले धाडून राहिली होती.”